नळ्यांच्या तपासणीचा अहवाल कसा वाचावा

न्यासाच्या या महोत्सवी स्मरणिकेसाठी आरोग्यविषयक एखादा अभ्यासलेख लिहावा, असे स्मरणिका समितीने आम्हांस सुचविले, तेव्हा मधुमेह, रक्तदाब, मोतीबिंदू असे नेहमीचे विषय प्रथम डोळ्यांपुढे आले. त्यांवर पुष्कळ लिहिले गेले आहे व पुढेही लिहिले जाईल. आम्ही मुद्दाम असा विषय घेत आहो की जो घराघरांत आहे, परंतु ज्याविषयी बोलणे होते ते दाराआड आणि हळू आवाजात.

आमच्या या सीमाभागात शिक्षकाकडे शिकवणीसाठी मुले येतात, तशीच इंग्रजी कागद वाचून घेण्यासाठी मोठी माणसेही येतात. अहवाल इंग्रजीत, दवाखान्यातील बोलणे कानडीत किंवा हिंदीत, आणि घरची भाषा मराठी, नाही तर आमच्यासारख्यांची दक्खनी. या चार भाषांच्या मधल्या फटीत अर्थ कोठे सांडतो ते कळत नाही. वर्षानुवर्षे आमच्यापुढे उलगडले गेलेले जे कागद आहेत, त्यांत गर्भनलिकांच्या तपासणीचे कागद फार. ‘ट्यूब ब्लॉक्ड’ हे दोन शब्द ऐकून सून माहेरी पाठविली गेल्याचे आम्ही पाहिले आहे, आणि तोच कागद पुढे दुसऱ्या डॉक्टरांनी पाहून ‘यावरून एवढा निर्णय होत नाही’ असे सांगितल्याचेही पाहिले आहे. आम्ही डॉक्टर नव्हे. उपचार सांगणे हे आमचे काम नाही. परंतु कागदावर काय लिहिले आहे आणि काय लिहिलेले नाही, एवढे समजावून देणे हे शिक्षकाचे काम आहे, आणि या लेखाची मर्यादा तीच.

प्रथम नळी म्हणजे काय ते पाहू. गर्भाशयाच्या वरच्या दोन कोपऱ्यांपासून दोन बाजूंना दोन नलिका निघतात. इटलीतील पादुआ येथील शरीररचनाशास्त्राचे प्राध्यापक गाब्रिएले फालोपिओ यांनी १५६१ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्यांचे नीट वर्णन केले, म्हणून त्यांस ‘फॅलोपिअन ट्यूब’ असे नाव पडले. गंमत अशी की फालोपिओ यांनी वापरलेल्या ‘ट्यूबा’ या लॅटिन शब्दाचा अर्थ नळी असा नसून तुतारी असा आहे. बाहेरच्या टोकाला पसरट होत गेलेला तिचा आकार त्यांस तुतारीसारखा दिसला. ‘ट्यूब’ म्हणताच आपल्या डोळ्यांपुढे नळाचा पाइप उभा राहतो, आणि अर्धा गैरसमज तेथेच सुरू होतो.

ही तुतारी सुमारे दहा ते बारा सेंटिमीटर लांब असते. गर्भाशयाच्या भिंतीतून जाणारा तिचा भाग इतका बारीक असतो की आतील पोकळी एक मिलिमीटरच्याही आत भरते. पुढचा थोडा भाग अरुंद, त्यापुढचा अर्ध्याहून अधिक भाग रुंद व नागमोडी, आणि शेवटी झालर लावल्यासारखे बोटाबोटांचे मोकळे तोंड. हे तोंड बीजकोशाला शिवलेले नसते. महिन्याला जे बीज सुटते, ते ही झालर टिपून घेते. आतल्या बाजूला अतिसूक्ष्म केसांसारखे तंतू असतात. ते एका दिशेने सारखे हालत राहतात आणि बीजाला गर्भाशयाकडे ढकलतात. बीज व शुक्राणू यांची भेट गर्भाशयात होते असे पुष्कळांना वाटते, पण ती होते याच नळीच्या रुंद भागात. तेथे जो गर्भांकुर बनतो तो तीन-चार दिवस नळीतच वाढत वाढत मग गर्भाशयात उतरतो. तेवढ्या दिवसांत त्याचे पोषण नळीच्या अस्तरातून पाझरणाऱ्या द्रवावर होते.

म्हणजे ही नळी टिपते, सांभाळते, पोसते आणि पोहोचविते. यातून दोन गोष्टी निघतात. पाइप मोकळा आहे म्हणजे नळी निरोगी आहे असे नव्हे, कारण आतील तंतू झडलेले असले तर वाट मोकळी असूनही बीज पुढे सरकणार नाही. आणि चित्रात पाइप बंद दिसला म्हणजे तो खरोखरच बंद आहे असेही नव्हे. दुसरी गोष्ट ऐकून पुष्कळांना नवल वाटते, म्हणून तिच्याविषयी पुढे सविस्तर लिहू.

ही तपासणी केव्हा करावी? नियमित सहवास असून वर्षभरात दिवस न राहिल्यास तपासण्या सुरू कराव्या, आणि स्त्रीचे वय पस्तिशीपुढे असल्यास सहा महिनेच वाट पाहावी, असा वैद्यकाचा सर्वसाधारण नियम आहे. येथे एक गोष्ट स्पष्ट लिहिणे आम्हांस भाग आहे. मूल न होण्याच्या कारणांत पुरुषाकडील दोषाचा वाटा ढोबळमानाने एकतृतीयांश ते निम्म्यापर्यंत असतो. वीर्यतपासणीत ना सुई, ना दुखणे, खर्चही थोडा. दोन ते सात दिवसांचा संयम पाळून नमुना द्यावयाचा एवढेच. असे असता घरातील बाईच्या नळ्यांचे फोटो दोन वेळा निघालेले असतात, आणि नवऱ्याचा एकही कागद फायलीत नसतो. अशी फाइल आमच्यापुढे आली की आम्ही ती मिटून परत देतो आणि दुसरा कागद प्रथम घेऊन या म्हणून सांगतो. काहींना राग येतो, येवो.

आता तपासणीकडे वळू. नळी मोकळी आहे की नाही हे पोट न फाडता पाहण्याची खटपट शंभर वर्षांहून जुनी आहे. १९१४ साली अमेरिकेत विल्यम कॅरी आणि आयसिडोर रुबिन या दोघा डॉक्टरांनी स्वतंत्रपणे गर्भाशयात द्रव सोडून क्ष-किरणांनी चित्र घेतले. पुढे १९२० साली रुबिन यांनी वायू सोडून पाहण्याची रीत प्रसिद्ध केली. नळी मोकळी असेल तर वायू पोटात जाई, आणि बाई उठून बसली की तिच्या खांद्यात कळ येई. पोटात गेलेला वायू वर चढून श्वासपटलाला लागतो, आणि त्या पटलाची संवेदना नेणारी नस मानेतून येत असल्यामुळे दुखणे खांद्याला जाणवते. वायूची ती रीत मागे पडली, पण खांद्याची ही खूण वाचकांनी लक्षात ठेवावी. लेखाच्या शेवटी ती निराळ्या कारणाने पुन्हा लागणार आहे.

आज सर्रास होते ती ‘हिस्टेरोसॅल्पिंगोग्राफी’, म्हणजे डॉक्टरांच्या तोंडी ‘एचएसजी’. पाळी संपल्यावर व बीज सुटण्यापूर्वी, म्हणजे पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजून साधारण सहाव्या ते दहाव्या दिवसांत ती करतात. यामुळे नकळत राहिलेल्या गर्भावर किरण पडण्याचा धोका टळतो. टेबलावर निजवून गर्भाशयाच्या मुखातून बारीक नळीने आयोडीनयुक्त द्रव हळूहळू सोडतात आणि तो आत सरकत असता क्ष-किरणांची चित्रे घेतात. सारे काम थोड्या मिनिटांचे. पाळीत पोट दुखते तशी कळ येते, कोणाला थोडी तर कोणाला बरीच. तासभर आधी वेदनाशामक गोळी घेण्यास डॉक्टर सांगतात. आयोडीनची किंवा अशा द्रवाची पूर्वी कधी ॲलर्जी झाली असल्यास, थायरॉइडचा विकार असल्यास, ओटीपोटात पूर्वी सूज आली असल्यास, सध्या ताप किंवा अंगावरून दुर्गंधीयुक्त जात असल्यास हे न विचारताही सांगावे. तपासणीनंतर एकदोन दिवस थोडे डागाळणे स्वाभाविक आहे. परंतु ताप, वाढते पोटदुखणे किंवा दुर्गंधीयुक्त स्राव झाल्यास त्याच दिवशी डॉक्टरांकडे परत जावे. थोड्या स्त्रियांना या तपासणीनंतर जंतुसंसर्ग होतो, आणि तो दडवून ठेवण्याजोगा नव्हे.

काही ठिकाणी क्ष-किरणांऐवजी सोनोग्राफी करतात. गर्भाशयात क्षारजल सोडून ते मागे पोटात साठलेले दिसते का, हे पाहावयाचे. किरणांचा प्रश्न येत नाही हा तिचा गुण. परंतु साध्या क्षारजलाच्या तपासणीत पाणी पोटात दिसले म्हणजे निदान एक नळी मोकळी आहे एवढेच कळते. कोणती, हे खात्रीने सांगता येतेच असे नाही. फेसाळ द्रव वापरून केलेल्या नव्या रीतीत प्रत्येक नळी अधिक स्पष्ट दिसते.

आता प्रत्यक्ष कागद. नमुन्यादाखल एक अहवाल आम्ही स्वतःच रचून देत आहो. पुष्कळ अहवाल याच साच्याचे असतात.

‘युटेराइन कॅव्हिटी नॉर्मल इन साइझ, शेप अँड कॉन्टूर. नो फिलिंग डिफेक्ट. राइट ट्यूब नॉर्मल इन कॅलिबर विथ फ्री पेरिटोनिअल स्पिल. लेफ्ट ट्यूब नॉट ओपॅसिफाइड बियाँड द कॉर्न्युआ. इम्प्रेशन : लेफ्ट कॉर्न्युअल ब्लॉक. सजेस्टेड क्लिनिकल कोरिलेशन.’

पहिले वाक्य गर्भाशयाच्या पोकळीचे. चित्रात ती उलट्या त्रिकोणासारखी दिसते. आकार, घडण व कड बरोबर आहे असा अर्थ. ‘फिलिंग डिफेक्ट’ म्हणजे द्रव जेथे भरला जावयास हवा होता तेथे मोकळी जागा राहणे. आत मस्सा, गाठ किंवा चिकटलेला पडदा असल्यास असे दिसते. कधी कधी नुसता हवेचा बुडबुडाही तसेच चित्र देतो. येथे ‘नो’ आहे, म्हणजे तसे काही नाही.

उजव्या नळीचे वाक्य उत्तम आहे. ‘कॅलिबर’ म्हणजे रुंदी. ‘स्पिल’ म्हणजे सांडणे. मराठीत सांडणे म्हणजे नुकसान, म्हणून हा शब्द वाचून एक बाई आमच्यापुढे रडू लागली होती. येथे तो सर्वांत शुभ शब्द आहे. द्रव नळीच्या टोकातून पोटात मोकळेपणाने सांडला, म्हणजे वाट शेवटपर्यंत मोकळी आहे. चित्र स्वतः पाहात असाल तर एवढे ध्यानात ठेवा की समोरासमोर उभ्या असलेल्या माणसाप्रमाणे, रुग्णाची उजवी बाजू चित्रात आपल्या डाव्या हाताला येते. फिल्मवर ‘आर’ किंवा ‘एल’ हे अक्षर असते, ते पाहावे.

डावीकडे ‘ओपॅसिफाइड’ नाही, म्हणजे द्रवाने ती नळी भरून पांढरी दिसली नाही. ‘कॉर्न्युआ’ म्हणजे गर्भाशयाचा कोपरा. द्रव कोपऱ्यापर्यंत गेला आणि तेथे थांबला. अहवाल लिहिणारा त्यास ‘कॉर्न्युअल ब्लॉक’ किंवा ‘प्रॉक्सिमल ब्लॉक’ म्हणतो. ‘प्रॉक्सिमल’ म्हणजे गर्भाशयाजवळचा आणि ‘डिस्टल’ म्हणजे दूरच्या टोकाचा. या दोहोंतील भेद अतिशय महत्त्वाचा आहे. गर्भाशयाजवळचा भाग केसासारखा बारीक, आणि त्याभोवती स्नायूंचे वेढे. भीतीने, कळेने किंवा द्रव झटक्याने सोडल्याने ते स्नायू आवळले की नळी निरोगी असूनही द्रव पुढे जात नाही. श्लेष्माचा लहानसा बोळा अडकला तरी तेच चित्र. म्हणून कोपऱ्याजवळच्या अडथळ्याचे निदान फसवे असते. पुन्हा तपासणी केली असता अशा नळ्यांपैकी पुष्कळ मोकळ्या निघतात. दूरच्या टोकाचा अडथळा मात्र बहुधा खरा असतो, कारण तेथे आवळणारे स्नायू नसतात. तेथील झालरच चिकटून गेलेली असते.

शेवटचे वाक्य लोक वाचतच नाहीत. ‘क्लिनिकल कोरिलेशन’ म्हणजे हे नुसते चित्र आहे, रुग्णाची हकिकत व इतर तपासण्या यांच्याशी जुळवून मगच अर्थ लावावा. चित्र काढणाऱ्यानेच आपल्या निष्कर्षावर ही मर्यादा घातलेली आहे. घरातील वडीलधारी माणसे मात्र ती न पाळता निकाल देऊन मोकळी होतात.

आता ‘अरुंद’ नळीचे शब्द. बंदही नाही आणि पुरती मोकळीही नाही, अशी स्थिती असली की गोंधळ सर्वांत अधिक होतो. ‘डिलेड स्पिल’ म्हणजे द्रव उशिराने सांडला; वाट आहे, पण अडखळत. कधी हे आकुंचनाने होते, कधी आत खरोखर अरुंदपणा असतो. ‘लॉक्युलेटेड स्पिल’ म्हणजे द्रव बाहेर पडला, परंतु पोटात पसरण्याऐवजी एका कप्प्यात साठून राहिला. नळीभोवती चिकटण्या आहेत असा संशय त्यावरून घेतात. ‘बीडेड’ म्हणजे मण्यांच्या माळेसारखी, एक फुगीर तर एक चिंचोळा भाग; ‘पाइप-स्टेम’ म्हणजे चिलमीच्या दांडीसारखी ताठ. या दोन शब्दांनी आपल्या देशातील डॉक्टर क्षयाचा विचार करू लागतात. ‘हायड्रोसॅल्पिंक्स’ म्हणजे टोक बंद होऊन नळीत पाणी साठून ती फुगणे. ‘सॅल्पिंक्स’ हा ग्रीक शब्द, आणि त्याचाही अर्थ पुन्हा तुतारीच.

येथे गणिताच्या शिक्षकाला गप्प बसवत नाही. दुर्बिणीने प्रत्यक्ष पाहिलेल्या स्थितीशी ‘एचएसजी’च्या निकालाची तुलना करणाऱ्या अभ्यासांचे एकत्रीकरण १९९५ साली प्रसिद्ध झाले. त्यात असे आढळले की खरोखर बंद असलेल्यांपैकी शेकडा ६५ ही तपासणी पकडते, आणि मोकळ्या असलेल्यांपैकी शेकडा ८३ मोकळ्या म्हणून दाखविते. ऐकावयास हे आकडे बरे वाटतात. आता फळ्यावर मांडून पाहू. समजा शंभर स्त्रिया तपासणीस आल्या आणि त्यांपैकी २० जणींच्या नळ्या खरोखर बंद आहेत. २० चे शेकडा ६५ म्हणजे १३ जणींना बरोबर ‘बंद’ असा निकाल मिळेल, ७ जणींना चुकून ‘मोकळ्या’ म्हणून सांगितले जाईल. राहिलेल्या ८० जणींपैकी ६६ जणींना बरोबर ‘मोकळ्या’ असे कळेल, पण १४ जणींच्या हाती ‘बंद’ असा चुकीचा कागद येईल. म्हणजे ‘बंद’ कागद घेऊन घरी जाणाऱ्या २७ जणींपैकी निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या नळ्या मोकळ्याच आहेत!

हेच गणित निराळ्या गटात मांडा. पूर्वी क्षय झालेल्या किंवा ओटीपोटात सूज येऊन गेलेल्या शंभर स्त्रिया घ्या, आणि समजा त्यांपैकी ६० जणींच्या नळ्या खरोखर बंद आहेत. ६० पैकी ३९ पकडल्या जातील, आणि ४० पैकी ७ चुकीच्या ‘बंद’ ठरतील. ४६ कागदांपैकी ३९ खरे. तपासणी तीच, यंत्र तेच, शब्दही तेच. पण रुग्णाची मागील हकिकत निराळी असल्यामुळे त्याच शब्दांचे वजन बदलले. म्हणून डॉक्टर ‘पूर्वी काय झाले होते?’ म्हणून विचारतात तेव्हा सासूबाई शेजारी बसल्या आहेत या संकोचाने काही लपवू नये. गरज वाटल्यास डॉक्टरांशी एकटीने बोलण्याची मागणी करावी. तो रुग्णाचा अधिकार आहे.

नळ्या खराब का होतात? मुख्य कारण जंतुसंसर्ग. बाळंतपणानंतर किंवा गर्भपातानंतर अस्वच्छतेने होणारा, लैंगिक संबंधातून येणारा, कधी अपेंडिक्स फुटून पसरलेला. क्लॅमिडिया नावाचा जंतू तर बहुतेक वेळा काहीच लक्षण न दाखविता काम करून जातो. नवऱ्याकडून तो येऊ शकतो, आणि म्हणून औषध दोघांनीही घ्यावयाचे असते. स्वीडनमधील लुंड येथे ओटीपोटाच्या सुजेच्या रुग्णांवर वर्षानुवर्षे लक्ष ठेवून केलेला अभ्यास १९९२ साली प्रसिद्ध झाला. त्यात एकदा सूज आलेल्यांपैकी शेकडा ८, दोनदा आलेल्यांपैकी सुमारे २० आणि तीनदा किंवा अधिक वेळा आलेल्यांपैकी ४० स्त्रियांना नळ्यांच्या दोषामुळे मूल होण्यात अडचण आली. पहिल्या सुजेवर पुरा औषधोपचार घेणे किती अगत्याचे आहे ते यावरून दिसेल. गोळ्या पाच दिवसांत बरे वाटले म्हणून अर्ध्यावर सोडावयाच्या नसतात. गर्भाशयाचे अस्तर भलत्या जागी वाढण्याच्या ‘एन्डोमेट्रिऑसिस’ या विकारानेही नळ्यांभोवती चिकटण्या होतात.

आपल्या देशात क्षयाचे कारण वेगळे सांगावयास हवे. फुप्फुसातील क्षयाचे जंतू रक्तातून नळ्यांत जाऊन बसतात. खोकला कधीच नव्हता, छातीचा फोटो स्वच्छ आहे, तरी नळ्यांत क्षय असू शकतो. जननेंद्रियांच्या क्षयात जवळजवळ प्रत्येक रुग्णेत नळ्या बाधित असतात. गर्भाशयाच्या अस्तराचा तुकडा घेऊन त्याची तपासणी करतात. मात्र एकाच तपासणीतील नुसत्या ‘पॉझिटिव्ह’ शब्दावर औषधे सुरू करावी की नाही, हा विचार तज्ज्ञ डॉक्टर सर्व पुरावे एकत्र ठेवून करतात. क्षय निश्चित झाल्यास औषधे साधारण सहा महिने, आणि ती राष्ट्रीय क्षय कार्यक्रमात मोफत मिळतात. औषधाने रोग बरा होतो. नळीत पडलेला वण मात्र त्याने भरून येतोच असे नाही.

पुढे काय करतात ते थोडक्यात. एकच नळी बंद आणि दुसरी चांगली, अशा वेळी स्वाभाविकपणे दिवस राहण्याची आशा चांगली असते. डावीकडच्या बीजकोशातून सुटलेले बीज उजव्या नळीने टिपल्याचीही उदाहरणे वैद्यकात नोंदलेली आहेत. दोन्ही बाजूंना कोपऱ्याजवळ अडथळा दिसल्यास काही अवधीने तपासणी पुन्हा करतात, किंवा प्रत्येक नळीच्या तोंडाशी बारीक नळी नेऊन द्रव सोडतात. कधी त्याच वेळी मऊ तार सारून वाट मोकळी करतात. दुर्बिणीच्या तपासणीत बेंबीतून दुर्बीण घालून, खालून निळा द्रव सोडून तो टोकातून बाहेर येतो का हे डोळ्यांनी पाहतात. चिकटण्या असल्यास त्याच बैठकीत सोडविता येतात. ती भूल देऊन करावयाची शस्त्रक्रिया आहे, म्हणून प्रत्येकीला लगेच करीत नाहीत. पाणी साठून फुगलेल्या नळीविषयी वेगळा नियम आहे. ते पाणी गर्भाशयात झिरपते आणि प्रयोगशाळेत तयार केलेला गर्भ सोडला तरी यश जवळजवळ निम्म्यावर आणते. त्यामुळे ‘आयव्हीएफ’पूर्वी ती नळी काढण्याचा किंवा गर्भाशयाजवळ बंद करण्याचा सल्ला देतात. मूल हवे म्हणून आलो आणि डॉक्टर नळीच काढावयास सांगतात, हे ऐकून माणसे चिडून उठून जातात. कारण कळले म्हणजे राग जातो.

या तपासणीचा एक अनपेक्षित लाभही सांगून ठेवतो. द्रव आत सोडल्यानेच नळ्या धुतल्या जातात की काय, अशी जुनी समजूत होती. नेदरलँड्समध्ये १,११९ स्त्रियांवर केलेला प्रयोग २०१७ साली प्रसिद्ध झाला. तेलयुक्त द्रव वापरलेल्यांपैकी सहा महिन्यांत शेकडा ३९.७ स्त्रियांना दिवस राहिले, तर पाण्यातील द्रव वापरलेल्यांपैकी २९.१ स्त्रियांना. या स्त्रियांना नळ्यांच्या रोगाचा धोका मुळात कमी होता, आणि तेलातील आयोडीन शरीरात फार दिवस राहत असल्याने थायरॉइडकडे लक्ष द्यावे लागते. कोणता द्रव वापरावा हे डॉक्टरांनी ठरवावयाचे. आपण विचारण्यास मात्र हरकत नाही.

दोन्ही नळ्या खरोखरच निकामी ठरल्या तर? ‘आयव्हीएफ’ची रीत मुळात अशाच स्त्रियांसाठी शोधली गेली. २५ जुलै १९७८ रोजी इंग्लंडातील ओल्डहॅम येथे जन्मलेल्या लुईस ब्राऊनच्या आईच्या नळ्या बंद होत्या. त्यानंतर थोड्याच आठवड्यांनी, ३ ऑक्टोबर १९७८ रोजी कलकत्त्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या प्रयत्नाने अशाच रीतीने एका मुलीचा जन्म झाला. त्यांच्यावर कोणी विश्वास ठेवला नाही, उलट छळ झाला, आणि १९८१ साली त्यांनी आत्महत्या केली. १९८६ साली मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा व डॉ. टी. सी. आनंदकुमार यांच्या प्रयत्नाने जे बालक जन्मले, ते देशातील पहिले म्हणून गौरविले गेले. परंतु पुढे मुखोपाध्यायांचे कागद हाती आल्यावर तो मान त्यांचा आहे असे स्वतः आनंदकुमारांनीच सांगितले. विज्ञानाच्या इतिहासात असे मोठे मन क्वचित दिसते.

या उपचारास खर्च मोठा, एका खेपेत यश येईलच असे नाही, आणि बाईचे वय वाढेल तसे यश घटते. २०२१ च्या कायद्याने अशी केंद्रे नोंदलेली असणे सक्तीचे आहे, म्हणून पैसे भरण्यापूर्वी नोंदणी पाहावी. आमच्या मुसलमान बंधुभगिनींकडून ‘हे चालते का?’ असा प्रश्न हमखास येतो. इजिप्तचे तेव्हाचे मुफ्ती शेख जाद-अल-हक यांनी १९८० सालीच असा निर्णय दिला होता की बीज व शुक्राणू विवाहबंधनात असलेल्या पतिपत्नींचेच असतील तर यास हरकत नाही. तिसऱ्या व्यक्तीचा संबंध मात्र त्यांनी नाकारला. नळ्यांची तपासणी किंवा शस्त्रक्रिया यांबद्दल तर प्रश्नच उद्भवत नाही. आणि अहवाल हाती येताच दुसऱ्या निकाहाची भाषा काढणाऱ्यांनी वरील गणित एकदा वाचावे. इतर समाजांत घटस्फोटाची भाषा काढतात, त्यांनाही तेच सांगणे आहे.

आता शेवटची गोष्ट, आणि जिवाच्या दृष्टीने सर्वांत मोठी. पुरती बंद असलेल्या नळीपेक्षा अरुंद किंवा वण पडलेली नळी एका अर्थाने अधिक धोक्याची आहे. बारीक शुक्राणू त्यातून जातात, परंतु गर्भांकुर परत येताना वाटेतच अडकतो आणि नळीतच रुजतो. अहवालात अरुंदपणा, चिकटण्या किंवा ‘डिलेड स्पिल’ असे काही लिहिले असेल, किंवा नळीवर शस्त्रक्रिया झाली असेल, तर पाळी चुकताच आनंदाच्या भरात स्वस्थ न बसता चाचणी करून डॉक्टरांस कळवावे. साधारण सहाव्या आठवड्याच्या सुमारास सोनोग्राफी करून गर्भ गर्भाशयातच आहे ना, हे पाहून घ्यावे. ‘आयव्हीएफ’ने दिवस राहिले तरी हा नियम आहेच. मधल्या काळात ओटीपोटात एका बाजूला दुखणे, थोडे थोडे डागाळणे, चक्कर किंवा घेरी येणे, आणि खांद्याच्या टोकात कळ येणे, यांपैकी काहीही झाले तर ती अपचनाची गोष्ट समजून ओव्याचे पाणी देत बसू नये. रुबिन यांच्या तपासणीत वायू श्वासपटलाला लागून खांदा दुखे. येथे फुटलेल्या नळीचे रक्त तेथे लागलेले असते. अशा वेळी रात्र असो वा सणाचा दिवस, नवरा घरी असो वा नसो, त्याच घडीस शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात न्यावे, आणि नळ्यांच्या अहवालाचा कागद बरोबर घेऊन जावा.